बहारीनची शेवटची शर्यत: चौथा नंबर येऊन फेरारी चॅम्पियन कशी झाली, आणि आठ तास नेमकं बघायचं काय?

नवीन_प्रेक्षक

मंडळी, प्रश्न जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. मी आधी फक्त फॉर्म्युला वन बघायचे, २०२५ ची ल मान्स बघितली, ती पिवळी ८३ नंबरची फेरारी जिंकली आणि तिथून एन्ड्युरन्स रेसिंग, म्हणजे तासन्‌तास चालणाऱ्या शर्यती, डोक्यात बसलं ते बसलंच. मग वर्ल्ड एन्ड्युरन्स चॅम्पियनशिपच्या मोसमातली शेवटची शर्यत, ८ नोव्हेंबरची बहारीनची आठ तासांची, ठरवून पूर्ण बघितली. मजा आली पण अर्ध्याहून जास्त गोष्टी डोक्यावरून गेल्या.

एक तर टोयोटाच्या दोन्ही गाड्या पहिल्या आणि दुसऱ्या आल्या, ७ नंबर पुढे आणि ८ नंबर मागे, पण खरा जल्लोष चालला होता फेरारीच्या पिटमध्ये, आणि तोही ५१ नंबर चौथी आली म्हणून. शेवटचे दोन तास ५१ वाले पुढच्या गाडीला गाठायचा फारसा जोरही लावत नव्हते असं मला वाटलं. जिंकायचंच नाही असं ठरवून कोणी शेवटच्या शर्यतीत उतरतं का?

दुसरं, ८३ नंबर पण फेरारीच ना, मग ती ५१ ची प्रतिस्पर्धी कशी? समालोचक सारखं ८३ आणि ५१ मधलं अंतर सांगत होते.

आणि तिसरं म्हणजे खरंच विचारतेय, आठ तास लक्ष कुठे ठेवायचं? पहिला तास मी अगदी डोळे लावून बघितला, मग पिटस्टॉप (इंधन-टायरसाठीचे थांबे) सुरू झाले आणि कोण खरं पुढे, कोण नुसतं पिटला आलं नाही म्हणून पुढे, काही कळेना. पुढच्या वेळी नीट बघायचंय, म्हणून विचारतेय.

पिटवॉल

प्रश्न छान आहेत. शेवटच्या शर्यतीत बघायचं असतं ते किताबाच्या दावेदारांमधलं अंतर, आघाडी कोणाकडे आहे ते दुय्यम. हे एकदा डोक्यात बसलं की आठ तास कसे जातात कळत नाही.

गुण कसे मिळतात ते आधी. सहा तासांच्या शर्यतीत पहिल्या नंबरला २५, मग १८, १५, १२, १० असं खाली. आठ तासांच्या शर्यतीला त्याच्या साधारण दीडपट, म्हणजे ३८, २७, २३, १८, १५, १२, ९, ६, ३, २. ल मान्सला दुप्पट, जिंकणाऱ्याला ५०. पोल पोझिशनला, म्हणजे पात्रता फेरीतल्या पहिल्या नंबरला, एक गुण वेगळा.

आता बहारीनला जाताना ५१ वाले, म्हणजे ती आळीपाळीने चालवणारे पिएर ग्वीदी, कॅलाडो आणि जोविनात्सी, ११५ गुणांवर होते. ८३ वाले कुबित्सा, ये यिफेई आणि हॅन्सन १०२ वर. म्हणजे फक्त तेरा गुणांचा फरक आणि टेबलावर ३८. ८३ जिंकली असती तर १४०. मग ५१ ला दुसरा नंबर काढावाच लागला असता, कारण ११५ आणि २७ म्हणजे १४२. तिसरी आली असती तर १३८, किताब गेला असता. आता उलटं बघा, ८३ पाचव्या-सहाव्या नंबरवर घुटमळतेय तर ५१ ला जिंकायची काही गरजच नाही, फक्त ८३ च्या आसपास राहायचं आणि गाडी शाबूत घरी आणायची. झालंही तसंच. टोयोटा पहिल्या दोन, ५० नंबरची फेरारी तिसरी, ५१ चौथी, ८३ पाचवी. १३३ विरुद्ध ११७.

म्हणून तुम्हाला जे दिसलं ते बरोबर दिसलं. पण त्याला जोर न लावणं म्हणू नका. पुढे ५० आहे ती आपल्याच घरची, टोयोटा त्या दिवशी हाताला लागणार नव्हती, मागे ८३. अशा वेळी खालच्या, हळू वर्गातल्या एखाद्या जीटी गाडीला ओव्हरटेक करताना आत घुसायचं की एक कोपरा थांबायचं, तर थांबायचं. तासाला असे कितीतरी निर्णय, आणि प्रत्येक निर्णयात एखादा सेकंद जातो. तो सेकंद मुद्दाम सोडणं हे ड्रायव्हरला सगळ्यात अवघड काम असतं, त्याच्या अंगातच नसतं ते.

८३ चं म्हणाल तर गाडी तीच, ४९९पी, चालवणारी टीम पण एएफ कोर्सेच, पण ती फॅक्टरीची एन्ट्री नाही. तिचे गुण फेरारीच्या मॅन्युफॅक्चरर, म्हणजे कंपन्यांच्या किताबाच्या, खात्यात जात नाहीत, तिच्यासारख्या खासगी गाड्यांचा कप वेगळा असतो आणि तो ८३ नेच जिंकला. ड्रायव्हरांचा किताब मात्र सगळ्यांना एकच. त्यामुळे कुबित्सा आणि कंपनीला वर्ल्ड चॅम्पियन व्हायची तितकीच संधी होती आणि ल मान्सचे ५० गुण खिशात असल्यामुळे ती खरीखुरी संधी होती.

आणखी एक, त्या मोसमात फेरारीने पहिल्या चारही शर्यती जिंकल्या होत्या, कतार, इमोला, स्पा, ल मान्स. नंतरच्या चारात एकही नाही. साओ पाउलोला कॅडिलॅक, ऑस्टिनला पोर्शे, फुजीला अल्पीन, बहारीनला टोयोटा. म्हणजे मोसमाचा पूर्ण दुसरा अर्धा भाग ते कमावलेलं राखत होते. त्यामुळे १९७२ नंतर पहिल्यांदा एन्ड्युरन्सचा मॅन्युफॅक्चरर किताब फेरारीकडे आला तेव्हा त्या चौथ्या नंबरवर जे रडले-हसले ते उगाच नव्हतं.

रबर_आणि_रेती

वरच्यांनी गणित सांगितलं, मी टायरचं सांगतो कारण बहारीनमध्ये अर्धी शर्यत टायरचीच असते.

बहारीनचा हा सखीरचा ट्रॅक ५.४१२ किलोमीटरचा, पृष्ठभाग खरखरीत, आजूबाजूला वाळवंट. हळू कोपऱ्यांतून बाहेर पडताना पूर्ण ताकद मागच्या चाकांवर येते, म्हणून मागचे टायर आधी जातात. शर्यत सुरू होते दुपारी दोनला, उन्हात, आणि सूर्य मावळतो पाचच्या सुमाराला. म्हणजे पहिले तीन तास तापलेला ट्रॅक आणि पुढचे पाच तास दिव्यांखाली थंड होत जाणारा ट्रॅक. दुपारी जी गाडी भारी वाटते ती रात्री तशी राहीलच असं नाही. मी तर पहिल्या दोन तासांतल्या क्रमावर कधीच विश्वास ठेवत नाही, सूर्य मावळल्यानंतर जो पहिला पूर्ण स्टिंट (दोन पिटस्टॉपमधला सलग भाग) होतो ना त्यात कोण किती वेळा लागोपाठ तोच वेग काढतोय ते बघायचं, तिथे खरी ताकद कळते.

आणि टायर मोजून मिळतात. ही गोष्ट नवीन माणसाच्या लक्षात येत नाही. पूर्ण शर्यतीसाठी ठराविक टायर, त्यातच भागवायचं, म्हणून प्रत्येक पिटस्टॉपला चारही बदलता येत नाहीत, कधी फक्त डावे, कधी काहीच नाही, तेच टायर पुढचा स्टिंटभर ओढायचे. शेवटच्या तासासाठी ज्याच्याकडे नवे टायर शिल्लक राहतात त्याच्याकडे हुकुमाचं पान. आणि हिशोब चुकला तर काय होतं तेही बहारीननेच दाखवलंय. २०२४ च्या शेवटच्या शर्यतीत ५१ नंबरच्या फेरारीने परवानगीपेक्षा जास्त टायर वापरले असं शर्यत संपल्यावर निघालं आणि पोडियम गेला, गाडी पार खाली घसरली, पजोची ९३ तिसरी झाली.

२०२४ ची ती शर्यत जमलं तर पूर्ण बघाच. ड्रायव्हरांचा किताब पोर्शेच्या ६ नंबरला गेला, एस्त्र, लॉटरर, व्हॅन्थूर, त्यांची आघाडी आधीच इतकी होती की त्यांना फार काही लागणार नव्हतं. खरी लढाई मॅन्युफॅक्चररची होती. त्या किताबासाठी तेव्हा प्रत्येक कंपनीची सगळ्यात पुढची गाडीच धरायचे. टोयोटाची ७ नंबर इंधनाच्या बिघाडाने शर्यतीबाहेर गेली, म्हणजे उरली एकटी ८ नंबर, आणि तिला जिंकायलाच हवं होतं, दुसरी येऊन उपयोग नव्हता. आणि शेवटच्या तासात तिचा ड्रायव्हर ब्यूमी मधल्या गर्दीत अडकलेला. तिथून तो नव्या रबरावर एकेक गाडी मागे टाकत पुढे आला ना, टायमिंग स्क्रीनवर त्याचे सेक्टर (लॅपचे तुकडे) बघायचे, जांभळा म्हणजे सगळ्यांत वेगवान, हिरवा म्हणजे स्वतःचा सर्वोत्तम; जांभळा, हिरवा, जांभळा, आणि पुढच्यांचे सगळे पांढरे-पिवळे. जिंकला. शेवटी टोयोटा १९० आणि पोर्शे १८८. दोन गुण. आठ शर्यतींचा मोसम, आणि पोर्शेची ५ नंबरची गाडी त्या रात्री दुसरी आली, म्हणजे त्यांनीही काही कमी केलं नव्हतं.

ट्रॅफिकचं पण बघत जा. २०२५ ला ३६ गाड्या होत्या, अर्ध्या हायपरकार, म्हणजे वरचा वेगवान वर्ग, आणि अर्ध्या एलएमजीटी३, म्हणजे त्या हळू जीटी गाड्या. लॅपमागे पंधराएक सेकंदांचा फरक, म्हणजे आठ-नऊ लॅपमध्ये हायपरकार त्याच जीटी गाडीच्या मागे परत येऊन उभी. कोणाला ती सरळ रस्त्यावर सापडते आणि कोणाला नेमकी नऊ-दहाच्या त्या घट्ट डाव्या वळणात, तिथे ब्रेक मारता मारताच वळायचं असतं, ओळ सोडायला जागा नाही, तिथे अडकलात की दोन सेकंद गेले. दोन दावेदारांमधलं अंतर अचानक सहाचं चार झालं की नव्वद टक्के वेळा कारण हेच.

सलग_तीन_स्टिंट

मला ह्या सगळ्यात एक पटत नाही ते बोलतोच. शेवटच्या शर्यतीला दीडपट गुण कशाला? वर्षभर एखाद्याने सातत्याने कमावलं आणि शेवटी एका संध्याकाळी एक सेन्सर गेला म्हणून दीडपट मार. ह्यापेक्षा अमेरिकेतली पद्धत बरी. इम्सा ह्या तिथल्या मालिकेच्या मोसमाची शेवटची शर्यत पेटिट ल मान्स, जॉर्जियातल्या रोड अटलांटावर, दहा तासांची. तिथे पहिल्याला ३५०, दुसऱ्याला ३२०, तिसऱ्याला ३००, मग २८० आणि २६०. म्हणजे पहिल्या-दुसऱ्यात फरक थोडा, त्यामुळे वर्षाच्या शेवटी पहिल्या दोन-तीन गाड्या अगदी एकमेकांना चिकटून येतात आणि किताब खरोखर ट्रॅकवर ठरतो, कागदावर नाही.

२०२१ ची पेटिट आठवा. शर्यत जिंकली माझ्दाने, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं, सगळ्यांचे डोळे ३१ नंबरची कॅडिलॅक आणि १० नंबरची अक्युरा यांच्यावर, जो पुढे तो चॅम्पियन. शेवटच्या लॅपला, दहाव्या वळणावर १० च्या रिकी टेलरने आत घातली गाडी, ब्रेक उशिरा, सरळ खडीत गेला, ३१ पुढे, किताब ३१ ला. दहा तास आणि पूर्ण वर्ष एका ब्रेकिंग पॉइंटवर येऊन थांबलं होतं. २०२३ ला परत तेच दोन नंबर, १० च्या अल्बुकर्कने पहिल्या वळणावर बाहेरून ३१ च्या डेरानीला गाठायला बघितलं, गाड्या लागल्या, १० नंबर भिंतीत, ३१ चॅम्पियन. दोन्ही वेळा हरणाऱ्याने प्रयत्न केला म्हणून हरला आणि मला त्याच्याबद्दल आदरच वाटतो. ५१ सारखं चौथ्या नंबरवर बसून राहणं मला जमलं नसतं बघायला.

पिटवॉल

@सलग_तीन_स्टिंट, थोडं थांबा. दीडपट गुण शेवटची शर्यत म्हणून नाहीत, लांबी म्हणून आहेत. २०२५ ला पहिली कतारची शर्यत १८१२ किलोमीटरची होती, तिलाही ३८ च गुण होते. जास्त लांब शर्यत, जास्त जोखीम, जास्त गुण, मला तरी ह्यात अन्याय दिसत नाही. एन्ड्युरन्समध्ये गाडी टिकवणं हेच निम्मं कौशल्य आहे, सेन्सर जाऊ न देणं हे पण टीमचंच काम.

आणि पेटिटमध्येही तेच होतं की. ३१ वाल्यांनी दोन्ही वेळा विजयाच्या मागे न लागता १० नंबरच्या पुढे राहायचं एवढंच धरलं होतं. २०२३ ला शर्यत तर मायर शँक टीमची ६० नंबर जिंकली. चॅम्पियन तोच झाला ज्याने फक्त एका गाडीवर नजर ठेवली. तुम्हाला टक्कर झाली म्हणून ती लढाई दिसली. बहारीनला टक्कर झाली नाही म्हणून दिसली नाही. होती दोन्हीकडे.

सलग_तीन_स्टिंट

कतारचं मान्य, तो मुद्दा सोडतो. पण एक आहेच, इम्साच्या गुणांत दोन दावेदार शेवटच्या तासापर्यंत एकमेकांजवळ राहायची शक्यता जास्त, आणि बघणाऱ्याला ते समजायला सोपं. "जो पुढे तो चॅम्पियन" हे कोणालाही कळतं, "तो जिंकला तर ह्याला दुसरं यावं लागेल, तो तिसरा आला तर ह्याला..." हे कागद-पेन घेऊन बसल्याशिवाय कळत नाही. ह्या मतावर मी ठाम आहे.

जुना_रसिक

चर्चा चांगली रंगलीय. शेवटच्या शर्यतीचं खरं स्वरूप बघायचं तर मी २०१५ चं बहारीन सांगेन. तेव्हा ती सहा तासांची होती, पहिल्याला २५ गुण.

पोर्शेची १७ नंबर ९१९, वेबर, बर्नहार्ड, हार्टली. समोर ऑडीची ७ नंबर, लॉटरर, फेसलर, ट्रेलुये. पोर्शे बारा गुणांनी पुढे, म्हणजे निवांत जायला हवं होतं. पण शर्यतीच्या सुरुवातीलाच १७ ला थ्रॉटलचा बिघाड झाला, गाडी पिटमध्ये ढकलून आत घेतली, कव्हर उघडून माणसं आत वाकलेली, बाहेर लॅपमागून लॅप निघून चाललेत. परत ट्रॅकवर आली तेव्हा पार मागे. मग त्यांनी सहा तास ती गाडी कशीबशी वर वर आणली, आणि संपता संपता वेबरच्या हातात ती परत आजारी पडली, पूर्ण ताकद नाही, पण थांबवायची नाही. पाचवी आली.

आता गणित करा. १७ चे १६६ झाले. ऑडी दुसरी आली, १६१. ऑडी जिंकली असती तर सात गुण जास्त, १६८, किताब ऑडीचा. म्हणजे १७ ला चॅम्पियन कोणी केलं? तिच्याच घरच्या १८ नंबरने, जानी, लीब आणि ड्यूमा यांनी, ऑडीच्या पुढे राहून शर्यत जिंकली म्हणून. त्या तिघांना त्या रात्री वर्ल्ड टायटल मिळणार नव्हतं. तरीही ऑडीशी शर्यतभर मारामारी केली, आणि ती ऑडी काही ऐकणारी गाडी नव्हती, फेसलर-लॉटरर-ट्रेलुये हे ल मान्स तीनदा एकत्र जिंकलेले लोक. मला विचाराल तर त्या रात्रीचे खरे हिरो १८ वाले.

म्हणून शेवटच्या शर्यतीत दावेदार गाडीबरोबर तिची जोडीची गाडी कुठे आहे ते बघत राहायचं. २०२५ ला ५० नंबर तिसरी होती हे पण उगाच नाही, ती पुढे असल्यामुळे ८३ ला वर यायला एक जागा कमी होती.

आणखी मागे जायचं तर १९८२, ब्रँड्स हॅच, हजार किलोमीटर. जॅकी इक्स पोर्शे ९५६ मध्ये डेरेक बेलबरोबर, समोर रिकार्दो पात्रेसेची लान्चिया. सुरुवातीला अपघात झाला, शर्यत थांबवली, परत सुरू केली, आणि निकाल दोन्ही भागांचा वेळ एकत्र धरून. म्हणजे ट्रॅकवर कोण पुढे आहे ते बघून काही उपयोग नाही, पहिल्या भागातलं अंतर डोक्यात ठेवून दुसऱ्या भागात तेवढं भरून काढायचं. ओला-सुकता ट्रॅक, ऑक्टोबरची संध्याकाळ, उजेड कमी होत चाललेला, आणि इक्स एकेक सेकंद खेचून आणतोय. शेवटी एकूण वेळेत ४.७ सेकंदांनी जिंकला आणि ड्रायव्हर्स चॅम्पियन झाला. तेव्हा ना टायमिंग अ‍ॅप, ना स्क्रीनवर अंतर, पिटमधून दाखवलेली पाटी एवढाच आधार. जेव्हा जेव्हा तो वेळेचा हिशोब वाचतो तेव्हा मला अजून भरून येतं.

नवीन_प्रेक्षक

बापरे, एवढं सगळं अपेक्षितच नव्हतं, खूप आभार सगळ्यांचे. ८३ जिंकली तर ५१ ला दुसरं यावंच लागेल हे आधी माहीत असतं तर मी पूर्ण शर्यत वेगळीच बघितली असती, मी सारखी टोयोटाकडे बघत बसले होते.

दोन गोष्टी अजून. सेफ्टी कार (अपघातानंतर सगळ्यांच्या पुढे हळू चालणारी गाडी) आली की सगळं अंतर जातं ना, मग हा सांभाळून चालवण्याचा हिशोब कोसळत नाही का? आणि एलएमजीटी३ कडे मी लक्षच दिलं नाही, तिथे पण त्याच दिवशी किताब ठरला म्हणतात.

रबर_आणि_रेती

सेफ्टी कारचं: हो, कोसळतोच, म्हणून तर शेवटच्या तासात पिटवॉलवर कोणी बसून राहत नाही, सगळे उभे असतात. त्यात फरक आहे पण. फुल कोर्स यलो असेल तर सगळ्यांनी ८० च्या वेगाने चालायचं, त्यामुळे अंतर जवळपास तसंच राहतं. खरी सेफ्टी कार आली की मात्र सगळे एका रांगेत, चाळीस सेकंदांची आघाडी गेली. दावेदाराला ह्यात दुहेरी धोका, आघाडी तर जातेच आणि रिस्टार्टला, म्हणजे शर्यत परत सुरू होताना, थंड टायर, जवळ जवळ गाड्या, मध्ये ज्यांना किताबाशी काही देणंघेणं नाही असे भिडणारे लोक. शेवटची शर्यत असल्यामुळे बाकीच्यांना गमवायला काही नसतं, ते आत घुसतात. म्हणून तुम्हाला दिसेल, रिस्टार्टला चॅम्पियनशिपवाली गाडी कधी कधी एखादी जागा सोडून देते, बाहेरून सुरक्षित जाते. तो घाबरटपणा नाही, पूर्ण वर्ष गाडीच्या नाकावर ठेवलेलं असतं.

आणि एक, स्क्रीनवर गाडीच्या नावाशेजारी टक्क्यांत जे आकडे दिसतात ती त्या स्टिंटसाठी उरलेली ऊर्जा. प्रत्येकाला स्टिंटमागे ठराविक ऊर्जा वापरायची मुभा. सारख्याच लॅपला पिट केलेल्या दोन गाड्यांत एकीचे चार टक्के जास्त शिल्लक असतील तर ती एखादी लॅप जास्त जाणार किंवा शेवटी छोटा स्टॉप करणार. कोण खरं पुढे हा तुमचा मूळ प्रश्न होता ना, त्याचं उत्तर ह्या आकड्यात आणि शेवटचा पिटस्टॉप कधी झाला त्यात असतं.

ब्रॉन्झ_बाजू

एलएमजीटी३ चं मी सांगते, माझा आवडता भाग.

तिथे प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ ड्रायव्हर असलाच पाहिजे, म्हणजे ज्याचं पोट रेसिंगवर नाही असा माणूस, आणि त्याने ठराविक वेळ गाडी चालवलीच पाहिजे. ह्याचा अर्थ किताब फॅक्टरीच्या पगारी ड्रायव्हरच्या एकट्याच्या जिवावर जिंकता येत नाही. पात्रता फेरीत आणि सुरुवातीच्या स्टिंटला बरेचदा हेच लोक, आणि मागून हायपरकार दिवे मारत येताहेत. त्या आरशात बघत, आपल्या वर्गातल्या शेजाऱ्याशी पण लढत, गाडीला ओरखडा न लावता तास काढायचा, हे मला हायपरकारपेक्षा अवघड वाटतं.

२०२५ ला मान्थी टीमची ९२ नंबरची पोर्शे चॅम्पियन झाली, रायन हार्डविक, रिकार्दो पेरा आणि रिचर्ड लिएट्झ. ल मान्सला पण ह्याच गाडीने आपला वर्ग जिंकला होता. समोर २१ नंबरची फेरारी. इथे आणखी एक भानगड असते, चांगला निकाल लागला की पुढच्या वेळी गाडीवर वजन टाकतात, म्हणजे जो गुणांत पुढे तो वजनाने पण जड. शेवटपर्यंत टेबलाच्या वर राहायचं तर तेवढं वजन घेऊन सुद्धा पाचवा-सहावा नंबर काढता आला पाहिजे.

आणि जुना_रसिक यांनी २०१५ चं बहारीन सांगितलं ना, त्याच संध्याकाळी जीटी ड्रायव्हरांचा किताब घेणारा माणूस कोण होता? हाच रिचर्ड लिएट्झ. त्याच वर्षी पेटिटला धो धो पावसात जीटी पोर्शेने सगळ्या प्रोटोटाइपना (खास शर्यतीसाठी बांधलेल्या वरच्या वर्गातल्या गाड्यांना) मागे टाकून पूर्ण शर्यत जिंकली, त्या गाडीत पण टॅन्डी आणि पिलेबरोबर हाच. दहा वर्षांनी परत बहारीन, परत शेवटची शर्यत, ह्या वेळी शेजारी एक ब्रॉन्झ ड्रायव्हर आणि एलएमजीटी३ चा किताब. कॅमेरा हायपरकारवर होता म्हणून हे कोणाला दिसलं नाही, मला त्याची चुटपुट आहे.

जुना_रसिक

लिएट्झचं अगदी बरोबर, ते मी लिहायला हवं होतं, छान आठवण करून दिलीत.

नवीन_प्रेक्षक

लिएट्झबद्दल काहीच माहीत नव्हतं, आता ९२ नंबरची ऑनबोर्ड (गाडीतल्या कॅमेऱ्याचं चित्रण) शोधून बघते. आधी कुठली शर्यत बघू, २०१५ की २०२४?

पिटवॉल

२०२४. गाड्या आणि नावं तुमच्या ओळखीची आहेत, नियम पण बरेचसे आत्ताचेच. सुरू करण्याआधी मॅन्युफॅक्चररचं टेबल उघडून पोर्शे आणि टोयोटाचे गुण एका कागदावर लिहा, टोयोटा दहाच्या आसपास मागे होती, आणि खाली आठ तासांचे गुण ३८ पासून २ पर्यंत. दर तासाला जो क्रम असेल त्याने बेरीज करून बघा, किताब कोणाकडे आहे ते. ७ नंबर बंद पडल्यावर ती बेरीज परत करा. मग शेवटच्या तासात ८ नंबर आणि ५ नंबर ह्या दोनच ओळी बघा, बाकी स्क्रीन झाकली तरी चालेल. आणि २०१५ बघायला घ्याल तेव्हा १७ च्या आधी १८ शोधा.